उशीवाल्या सिस्टरांची पीएच.डी.

माझं काम आकड्यांचं. नर्सिंग कॉलेजच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत मी संख्याशास्त्राचं दुकान मांडून बसलोय. ही खोली पूर्वी धुतलेल्या चादरी ठेवायची होती, त्यामुळे अजूनही साबणाचा वास येतो आणि खिडकी म्हणून जे काही आहे ते छताला लागून आहे. पीएच.डी. करणाऱ्या नर्सेस आपापला डेटा घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यात काही आहे का ते मी बघून सांगतो. बहुतेक वेळा नसतं. पूर्वी मी आधी चहा मागवायचो आणि मग सांगायचो. आता आधी सांगतो. निदान चहा तरी त्यांना गोड लागतो.

एकट्या माणसाबद्दल लिहायची मला सवय नाही. एकट्या माणसावरून काही सिद्ध होत नाही, निदान तीसेक तरी लागतात. पण या बाईंचं गणित मला शेवटपर्यंत सरासरीत बसवता आलं नाही, म्हणून हा खटाटोप.

अख्खं हॉस्पिटल त्यांना उशीवाल्या सिस्टर म्हणायचं. तोंडावर अर्थात नुसतं सिस्टर. त्या खालच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या. हाडं मोडलेले, अर्धांगवायू झालेले, खाटेला खिळलेले असे पेशंट तिथं असायचे. हॉस्पिटलात उशांची कायम मारामार. कुठल्याही वॉर्डातली उशी नाहीशी झाली की शोधायला माणूस खालच्या वॉर्डात धाडायचे, आणि ती तिथं हमखास सापडायची. कुणा म्हातारीच्या टाचांखाली, कुणाच्या दोन गुडघ्यांच्या मधे, कुणाच्या कमरेमागं. सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "घ्या ना तुमची उशी. काढा पेशंटच्या खालून." काढून घेणारा अजून जन्माला यायचा होता.

त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या तेव्हा माझी कंबर धरली होती. विषय काय, पेशंट किती मिळतील, किती दिवस बघणार, असं मी विचारत होतो आणि त्या उत्तरं देत होत्या. उभ्यानंच, कारण दुसऱ्या खुर्चीवर कागदांचा ढीग होता. त्या गेल्या आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की कंबर दुखत नाहीये. मागं हात घालून पाहिलं तर पाठ आणि खुर्ची यांच्यामधे माझाच हात पुसायचा टॉवेल, व्यवस्थित घडी घालून ठेवलेला. तो तिथं कधी आला हे मला आठवेना. मी तेव्हा ही गोष्ट सोडून दिली.

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला पीएच.डी. कशाला हवी, असं सगळ्यांनी विचारलं. सासूबाईंनी सगळ्यात आधी विचारलं. घरात एकच टेबल, त्याच्या एका बाजूला कॉलेजात जाणारी मुलगी अभ्यासाला बसायची आणि दुसऱ्या बाजूला आई. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे दोन विद्यार्थिनी आहेत. धाकटी जरा हुशार आहे."

कारण मात्र साधं होतं. हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी एका बैठकीत खालच्या वॉर्डातले दोन मदतनीस काढून बाह्यरुग्ण विभागात द्यायचं ठरवलं. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस ठरलेल्या वेळी बदलली नाही तर पाठीला, कमरेला, टाचेला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की हाडापर्यंत जातात. जड माणसाला वळवायला दोघं लागतात. ते दोघं म्हणजे हे मदतनीस. सिस्टर बैठकीत उठून म्हणाल्या, ही माणसं नेऊ नका, वेळेवर कूस बदलली नाही तर पेशंटचे हाल होतील. अधीक्षक वाईट माणूस नव्हता. त्यानं सभ्यपणेच विचारलं, "इतर वॉर्डांतही पेशंट झोपूनच असतात, तिथं जमेल तशी कूस बदलतातच की. तुमच्या घड्याळी कारभारानं फरक पडतो याला पुरावा काय?"

"साहेब, मी इतकी वर्षं बघतेय."

"सिस्टर, बघणं म्हणजे पुरावा नव्हे."

मी त्या बैठकीत नव्हतो. असतो तर नाइलाजानं अधीक्षकाच्या बाजूनं बोललो असतो. सिस्टरांनी हे वाक्य मनाला लावून घेतलं आणि पुढच्याच प्रवेशाला पीएच.डी.चा अर्ज भरला. पुरावा येईपर्यंत मदतनीस राहू देतो, एवढं अधीक्षकानं कबूल केलं. म्हणजे त्यांच्या पदवीला सुरुवातीपासून दोन माणसं आणि एक अख्खा वॉर्ड लटकलेला होता.

संशोधन शिकणं म्हणजे आधी बरंच काही विसरणं. माझ्या वर्गात ड्यूटी संपवून आलेल्या बायका बसतात. त्यांचे पाय सुजलेले असतात आणि मी फळ्यावर लिहितो, 'फरक नाही असं धरून चाला.' सगळ्या मुकाट्यानं उतरवून घेतात. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं.

"फरक नाही असं का धरायचं, सर?"

"तशीच पद्धत आहे. फरक आहे हे आकड्यांनी आपल्याला पटवून द्यायचं, आपण आधीच पटवून घ्यायचं नाही."

"म्हणजे रोज ज्याच्यासाठी कंबर मोडतो ते फुकट आहे असं समजून कामाला लागायचं?"

"कागदावर."

"मग ठीक. कागदावर काय, मी मेलेय असंही धरीन." वर्ग हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचलून ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आखणी सरळ होती. खालच्या वॉर्डात ठरलेल्या वेळी, दोन मदतनिसांच्या हातानं, उशा लावून कूस बदलायची. वरच्या मजल्यावर तसेच पेशंट असलेला दुसरा वॉर्ड होता. तिथं जसं चालत आलंय तसं चालू द्यायचं. सिस्टरांनी रोज तीन-चार वेळा दोन्ही वॉर्डांतल्या पेशंटची पाठ बघायची आणि नोंद करायची. बघणारी व्यक्ती दोन्हीकडे एकच हवी आणि ती खुद्द विद्यार्थिनी हवी, यावर त्यांच्या गाईड मॅडम ठाम होत्या. "दुसऱ्यानं गोळा केलेल्या डेटावर माझ्या हाताखाली कुणी डॉक्टर झालेलं नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

सिस्टर दर वेळी खालचा वॉर्ड आटोपून वर जायच्या. वरच्या वॉर्डाच्या नर्सेसना आधी वाटलं चुका काढायला आल्यात. मग त्यांना सिस्टरांची सवय झाली, जड पेशंट वळवायला त्या हातही लावू लागल्या. त्यांची सवय सगळ्यांनाच व्हायची, घरातल्या दिव्यासारखी, गेल्यावर कळायचं. वरती एक बँडमास्तर होते, मांडीचं हाड मोडलेले, आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेले. सिस्टर आल्या की ते तोंडानंच सलामीची धून वाजवायचे.

डेटा पुरा झाला तेव्हा त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या. मी आकडे भरले, गणित केलं, पुन्हा केलं. मग सांगितलं.

"फरक नाही."

"कागदावरचं नाही विचारत. खरं सांगा."

"खरंच सांगतोय. दोन्ही वॉर्डांत जखमा सारख्याच. तुमच्याकडे कमी, त्यांच्याकडेही तेवढ्याच कमी."

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही. "मग मी आजवर काय करत होते?" असं त्यांनी विचारलं. ते मला विचारलेलं नव्हतं.

बातमी त्यांच्या आधी अधीक्षकांकडे पोचली. हॉस्पिटलात जखम भरायला वेळ लागतो, बातमी फुटायला लागत नाही. ते भेटले तेव्हा खूश होते. "डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणायचा! असो. सिस्टर, तुमचा प्रबंध झाला की एक प्रत मला द्या. पुढच्या बैठकीत लावतो." गाईड मॅडम म्हणाल्या, "फरक नाही हाही निष्कर्षच असतो. लिहून टाक आणि मोकळी हो. मुदत संपत आलीय तुझी." हेही खरं होतं. शास्त्राप्रमाणे बघितलं तर दोघांच्याही बोलण्यात काही खोट नव्हती.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. हॉस्पिटलच्या आधीच्या वर्षीच्या नोंदींत वरच्या वॉर्डात जखमांचा सुळसुळाट होता. सिस्टरांचा अभ्यास सुरू झाला आणि तिथला आकडा एकदम खाली आला. मधे एकदाच तो उसळला, आणि नंतर पुन्हा पडला. मी त्यांना विचारलं, "या मधल्या दिवसांत वर काय झालं होतं?"

त्यांनी तारखा पाहिल्या. "वर काय झालं माहीत नाही. मी रजेवर होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझ्या ऐवजी एका ज्युनिअर नर्सनं पाठी बघितल्या."

"तिनं कशा बघितल्या?"

"मी सांगितल्या तशा."

"तुम्ही कशा बघता?"

"आता पाठ बघायची म्हणजे कशी बघणार, सर? बघायची."

"मला दाखवा."

प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी पुतळा आहे. मुली त्याला आजोबा म्हणतात. इतक्या पिढ्यांनी त्याला इंजेक्शनं टोचलीत की दंडाची चाळण झालीय. आजोबा उताणे पडले होते, अंगावर चादर. मी भिंतीशी उभा राहिलो. सिस्टर शिकवायच्या सुरात बोलू लागल्या. "आधी पेशंटला सांगायचं. मग इथं हात, इथं हात, आणि वळवायचं. कमरेच्या हाडावर लाली आहे का बघायची. बोटानं दाबायचं, लाली जाते का राहते ते बघायचं. खांदा बघायचा. टाच बघायची. मग लिहायचं. झालं." त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि कागदावर लिहायचा आव आणला.

मी विचारलं, "काय काय केलंत?"

"बघितलं आणि लिहिलं."

"आणखी?"

"आणखी काय? बघितलं आणि लिहिलं!" त्यांचा आवाज चढला. परीक्षेत सोपा प्रश्न दोनदा विचारला की चांगल्या विद्यार्थ्याचा चढतो तसा.

"आपण आलो तेव्हा आजोबा कसे झोपले होते?"

त्यांनी खाटेकडे बघितलं. आजोबा डाव्या कुशीवर होते. चादरीला एक सुरकुती नव्हती. दोन गुडघ्यांच्या मधे घडी केलेलं ब्लँकेट होतं, टाचा गादीपासून सुटलेल्या होत्या आणि पाठीमागं उशी होती. उशी शेजारच्या खाटेवरची होती. शेजारच्या खाटेवर आता उशी नव्हती.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. पुरावा शोधायला निघालेल्या बाई तो स्वतःच्या हातांत घेऊन रोज जिना चढत होत्या. पाठ बघायची तर माणूस वळवावा लागतो. कुणीही बघून झालं की त्याला होता तसा परत ठेवला असता. नर्सच्या हाताला ते जमलं नाही. त्या ज्या ज्या पेशंटकडे बघायला गेल्या त्याची त्या कूस बदलून आल्या, उशी लावून आल्या, आणि कागदावर लिहीत राहिल्या की इथं काहीच केलेलं नाही. बघता बघता त्यांनी वरचा वॉर्डही बरा करून टाकला होता, आणि म्हणून फरक उरला नव्हता.

सिस्टर स्टुलावर बसल्या. "रोज?" असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग हात उलटेपालटे करून बघितले. "सर, मला आठवतसुद्धा नाही."

"आजोबांना परत उताणं ठेवायला हवं होतं. होते तसे."

"ज्या बाजूवर दाब पडलाय त्याच बाजूवर? परत?"

"हो."

"हे तुम्ही मला वर्गात शिकवलं नाहीत."

"ते शिकवावं लागेल असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं."

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "बघा, ऑपरेशन माझ्या डोळ्याचं आणि दिसायला लागलं सुनेला."

पुढचा प्रश्न सोपा नव्हता. प्रबंध जवळजवळ लिहून तयार होता. दिला असता तर पदवी मिळाली असती, कुणी विचारलंही नसतं. गाईड मॅडमनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. दोन्ही मी बाजूच्या खुर्चीत बसून ऐकलं. "अगं, पुन्हा डेटा गोळा करायचा म्हणजे पुन्हा नैतिकता समितीची परवानगी, पुन्हा पेशंट, पुन्हा सगळं. मुदतवाढ एकदाच मिळते. त्यात नाही झालं तर हातात काही राहणार नाही. स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतेस?"

"मॅडम, प्रबंध कपाटात पडून राहणार असता तर दिलाही असता," सिस्टर म्हणाल्या. "पण साहेब तो वाचणार आहेत. आपल्यापैकी कुणाचा प्रबंध आजवर कुणी वाचलाय का? पहिल्यांदा कुणीतरी वाचणार, आणि तो वाचून माझ्या पेशंटखालची माणसं काढून नेणार."

मॅडमनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली, पण पेन जरा जास्तच दाबून.

दुसऱ्या फेरीत मी नियम घालून दिले. पाठी बघायला डोळ्यांच्या विभागातल्या एक सिस्टर आणल्या, त्यांना माणसाच्या पाठीत काडीचाही रस नव्हता. गाईड मॅडमनी आपला नियम तेवढ्यापुरता गिळला. वरच्या वॉर्डात पेशंट वळवायचा, बघायचा, होता तसा ठेवायचा. उशीवाल्या सिस्टरांनी वरच्या वॉर्डाच्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही. त्यांनी सगळं मान्य केलं आणि एकच अट घातली. "जखम व्हायची वाट बघायची नाही. लाली दिसली की नोंद. आणि नोंद झाली की लगेच उशी, लगेच कूस." मी विचार केला. लालीच मोजायची तर आकडेही लवकर मिळणार होते आणि जखमही टळणार होती. समितीलाही ते पटलं. आम्ही दोघंही आपापल्या कारणानं खूश झालो.

पण लालीच्या आधी काय, याचं उत्तर नियमात नव्हतं.

जिना वरच्या वॉर्डाच्या दारासमोरून जातो आणि सामानाची खोली त्याच्या पुढं आहे. तिकडं जाताना एकदा सिस्टरांना सलामीची धून ऐकू आली. बँडमास्तर. घरी पुन्हा पडले, दुसरी मांडी मोडली, पुन्हा भरती झाले. दाराजवळचीच खाट.

"सिस्टर! आलात? ती उशी तेवढी लावा हो मागं. मागच्या खेपेला लावायचात तशी."

दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "मास्तर, मी सांगते हं त्यांना." आणि पुढं निघून गेल्या. वॉर्डाच्या नर्सला त्यांनी सांगितलंही, पण 'तुम्हाला जमेल तसं करा' एवढंच. याहून जास्त सांगितलं असतं तर फेरी बिघडली असती. नर्सला जमेल तेव्हा जमणार होतं. हे सगळं त्यांनी मला दुपारी खोलीत येऊन सांगितलं. सांगताना दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते.

"त्यांना या अभ्यासातून वगळता येईल का, सर? एकच पेशंट."

"येईल. एकाला वगळलं की दुसऱ्यालाही वगळावं लागेल. उशी तर सगळ्यांनाच हवी असते, मास्तरांना तोंड आहे म्हणून त्यांनी मागितली."

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मला आयुष्यात बरोबर असल्याचा इतका कमी आनंद कधी झाला नव्हता. सिस्टरांनी त्या दिवसापासून वाट बदलली. त्या अंगणातून वळसा घालून मागच्या जिन्यानं सामानाच्या खोलीकडे जायला लागल्या.

फेरी संपली. आकडे माझ्यासमोर आले आणि या वेळी गणित दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती. माझ्या खोलीत 'फरक आहे' हे शब्द क्वचित उच्चारले जातात. ते ऐकून विद्यार्थिनी उड्या मारतात, एकीनं तर मला मिठी मारली होती आणि नंतर सहा महिने मला टाळलं होतं.

"सिस्टर, फरक आहे. मोठा आहे."

"म्हणजे वरच्यांना जास्त झाली."

"लाली. हो. बरीच जास्त."

"बँडमास्तर कुठल्या बाजूला आले?"

"माझ्याकडे नावं नसतात. नुसते क्रमांक."

"मला क्रमांक माहीत आहे," असं म्हणून त्यांनी तो सांगितला. मी बघितलं. लाली आलेल्यांच्या बाजूलाच होते. लाली आली, नोंद झाली, उशी लागली, लाली ओसरली. जखम झाली नाही. मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, शेवटचं दोनदा.

"पण आली," त्या म्हणाल्या. "त्यांनी उशी मागितली होती आणि मी अंगणातून जात होते." आणि त्या रडल्या. मला फार वाईट वाटलं. मदतनीस वाचले, वॉर्ड वाचला, पदवी जवळ आली, आणि त्यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. चहा मागवायचाही राहिला.

प्रबंध लिहिताना त्यांचं आणि गाईड मॅडमचं पुन्हा वाजलं. मॅडमचं म्हणणं, पहिल्या फेरीचा उल्लेखच नको, दुसरी उत्तम आहे, तेवढी द्या. सिस्टर म्हणाल्या, पहिली फेरी हे वेगळं प्रकरण करणार. "मी चुकले तशी दुसरी कुणीही नर्स चुकेल. सगळ्यांचे हात सारखेच आहेत." मॅडमनी कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तोंडी परीक्षेला कोण येणार आहे माहीत आहे का?"

ज्या आल्या त्या परीक्षक बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. उमेदवाराला रडवल्याशिवाय त्यांना घरी जेवण जात नाही, असं बोललं जायचं. परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मागच्या बाकांवर वॉर्डाच्या नर्सेस होत्या, अधीक्षक होते, दोन मदतनीस कोपऱ्यात अवघडून बसले होते. पुढं मुलगी आणि सासूबाई. परीक्षक बाईंसाठी कॉलेजनं सभागृहातली सगळ्यात भारदस्त खुर्ची ठेवली होती, उंच, लाकडी, सरळ पाठीची. शेजारची गादीची साधी खुर्ची रिकामीच होती.

बाईंनी दुसऱ्या फेरीवर फारसं काही विचारलं नाही. पहिल्या फेरीचं प्रकरण उघडलं.

"तुम्ही म्हणता, पाठ बघताना तुमच्या हातून नकळत उपचार झाला. म्हणून ही फेरी बाद. बरं. एका फेरीत फरक आला नाही, ती बाद. दुसऱ्या फेरीत आला, ती ठेवली. असं करणारे मी खूप बघितलेत."

"मॅडम, मी रजेवर असताना वरचा आकडा चढला होता."

"रजेत बघणारी दुसरी होती. तिची नजर जास्त कडक असेल. तो पुरावा नव्हे." बाई खुर्चीत जरा सरकल्या. "नंतर पुतळ्यावर करून दाखवलंत असं लिहिलंय. कुणासमोर? तुमच्याच संख्याशास्त्रज्ञासमोर. तेही सोडा. माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, प्रमुख आहात, संशोधनाला निघाला आहात. आपण काय करतोय हे तुम्हाला कळलं नाही, यावर मी विश्वास का ठेवावा? नकळत झालं याला पुरावा काय?"

सभागृहात अधीक्षकांनी मान वर केली. प्रश्न बिनतोड होता. बाईंच्या जागी मी असतो तर मीही हाच विचारला असता. पहिली फेरी खोटी ठरली तर दुसरीवरही कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

"मॅडम," सिस्टर सावकाश बोलू लागल्या, "तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्याकडे कागदावर दाखवण्यासारखं काही नाही. मी इतकंच सांगू शकते की माणूस अवघडलेला दिसला की मी विचार करत नाही. विचार केला असता तर मला आठवलं असतं, आणि आठवलं असतं तर मी ते लिहिलं असतं. जे आठवतच नाही त्याचा पुरावा मी कुठून आणू? तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण ते प्रकरण मी काढणार नाही."

हे बोलताना त्या प्रामाणिकपणे बाईंच्या डोळ्यांत बघत होत्या, म्हणून समोरच्या सगळ्यांचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. सिस्टर बोलता बोलता टेबलाला वळसा घालून गेल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरची गादी उचलून मधे दुमडली होती. एक हात बाईंच्या खांद्यावर ठेवून त्यांना किंचित पुढं घेतलं होतं, आणि गादी कमरेमागं सरकवून, वरून एकदा चेपून, 'काढणार नाही' या शब्दापाशी त्या आपल्या जागी परतल्या होत्या.

परीक्षक बाईंनी मागं हात घालून चाचपून बघितलं. मग सकाळपासून पहिल्यांदा त्या खुर्चीला पूर्ण टेकल्या.

"मिळाला," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी गोंधळून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय मिळालं, सर?"